नीरा खोऱ्यातील नापीक जमिनी व संकवके

पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर या तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यानंतर सुपीक काळ्या जमिनींचा काही भाग खारवला व चोपण बनला. अशा जमिनी पुन्हा लागवडीस आणण्याच्या प्रयत्नांना विसाव्या शतकाच्या आरंभी सुरुवात झाली. पहिल्या टप्प्यात निचरा व रासायनिक सुधारणा यांवर भर होता. जमीन म्हणजे केवळ माती, पाणी व लवणे यांचे मिश्रण नसून तीत मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांचाही मोठा वाटा असतो, ही जाणीव पुढे क्रमाक्रमाने दृढ झाली. मूळ व कवक यांच्या या संयोगास संकवक असे म्हणतात. मायकोऱ्हायझा या नावानेही तो परिचित आहे.

भूमी व कालवा : हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पाऊस सरासरी ५० सेंमी.च्या आसपास असून तो अनियमित असतो. उंचवट्यांवर बेसाल्टाच्या विदारणातून बनलेला उथळ मुरूम, तर नीरा, कऱ्हा व भीमा या नद्यांलगत आणि सखल भागांत खोल काळी माती आढळते. १८७६–७८ च्या दुष्काळात येथील रयतेची दैना झाली. त्या काळी दुष्काळी काम म्हणून नीरा कालव्याचे खोदकाम हाती घेण्यात आले आणि १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. वीर येथील बंधाऱ्यापासून निघणाऱ्या या सु. १६० किमी. लांबीच्या कालव्याला बारमाही पाणी मिळावे म्हणून भाटघर येथे धरण बांधण्यात आले (१८९२). पुढे १९२८ च्या सुमारास त्याच ठिकाणी अधिक मोठे धरण पूर्ण झाले. बारमाही पाण्याबरोबर ऊस आला, ऊसाबरोबर गुऱ्हाळे व नंतर साखर कारखाने आले. जिरायती बाजरी व ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गावांचे अर्थकारण यामुळे पार बदलले.

खार व चोपण : काळ्या मातीतून पाणी अतिशय सावकाश झिरपते. तिच्याखालच्या मुरमातून मात्र ते उताराकडे वाहत राहते. कालव्याची पाझर आणि ऊसाला दिलेले भरपूर पाणी अशा रीतीने सखल जमिनींखाली साचत गेले व भूजलाची पातळी वर आली. केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागापर्यंत चढते, उन्हाने ते उडून जाते आणि त्यात विरघळलेली लवणे मागे राहतात. विद्राव्य लवणांचा पांढरा थर धरणाऱ्या जमिनीस खार जमीन म्हणतात. जेथे मातीच्या कणांना सोडियम चिकटून राहतो, तेथे चोपण जमीन तयार होते. ती पावसाळ्यात चिकट व वाळल्यावर दगडासारखी टणक होते. तीत पाणी मुरत नाही व हवाही खेळत नाही. उतारावरच्या शेतकऱ्याने दिलेल्या जादा पाण्याचे परिणाम पुष्कळदा खालच्या शेताच्या मालकाला भोगावे लागतात. त्यामुळे हा प्रश्न एका शेताच्या बांधात मावणारा नव्हता.

सुरुवातीचे संशोधन : विसाव्या शतकाच्या आरंभी मो. विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुरू केली. ऊसाचे पाणी ठराविक गटांत वाटून दिल्याने ते अधिक गावांना मिळावे व एकाच जागी पाणी साचणे कमी व्हावे, असे तिचे धोरण होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खार जमिनींविषयीचे आपले निष्कर्ष १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याच्या पुस्तिकेत प्रसिद्ध केले. दख्खनमधील कालव्यांच्या क्षेत्रातील जमिनींच्या बिघाडाचा हा एक आरंभीचा शास्त्रीय अभ्यास होय. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनविषयक संशोधनासाठी एक खास विभाग स्थापन केला. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची ती सुरुवात होती. या विभागाचे सी. सी. इंग्लिस यांनी कालव्यांच्या क्षेत्रातील पाणथळपणा व चरांद्वारे निचरा यांचा पाठपुरावा केला. १९३२ मध्ये नीरेच्या पलीकडे सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील जे. के. बसू व व्ही. डी. टागरे यांनी दख्खन कालव्यांवरील चोपण जमिनींचे स्वरूप व व्यवस्थापन यांवरील अभ्यास १९४३ मध्ये मांडला.

या संशोधनातून उपायांचा जो क्रम ठरला तो आजही ग्राह्य आहे. प्रथम उघडे किंवा पुरलेले चर काढून भूजल खाली नेणे, नंतर गोड्या पाण्याने लवणे धुऊन काढणे आणि चोपण जमिनीत जिप्सम किंवा गंधक मिसळून सोडियमच्या जागी कॅल्शियम आणणे, असे त्याचे टप्पे आहेत. शेवटी ताग व धैंचा यांसारखी हिरवळीची पिके, शेणखत आणि साखर कारखान्यात रस शुद्ध करताना निघणारी मळी देऊन मातीची घडण सुधारली जाते. सेंद्रिय द्रव्याचा उपयोग येथे प्रामुख्याने मातीची घडण व अन्नद्रव्ये यांसाठी मानला जाई. त्या द्रव्याबरोबर व परत आलेल्या मुळांबरोबर जमिनीत कोणते जीव परततात, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आलेला नव्हता.

संकवकांचा शोध व कार्य : नीरा कालवा सुरू झाला त्याच वर्षी, १८८५ मध्ये, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बेर्ट बर्नहार्ट फ्रांक यांनी वनवृक्षांच्या मुळांवरील कवकावरणास मायकोऱ्हायझा हे नाव दिले. प्रशियात ट्रफल या भूमिगत कवकाची लागवड करता येईल काय, याचा शोध घेत असता त्यांना ही मुळे आढळली. कवक मुळाला अपाय करीत नसून त्याचे पोषण करते, हे त्यांचे मत त्या काळी अनेकांना पटले नाही.

संकवकांचे मुख्य प्रकार दोन आहेत. पाइन, ओक, साल यांसारख्या वृक्षांत कवक मुळाबाहेर आवरण करून राहते. बहुसंख्य पिके, गवते व दख्खनमधील बहुतेक वृक्ष यांत ते मुळाच्या कोशिकांत शिरते व तेथे झुडपासारख्या सूक्ष्म फांद्या तयार करते. या दुसऱ्या प्रकाराला वृक्षिकायुक्त संकवक म्हणता येईल. ऊस, ज्वारी, बाजरी, तूर व बाभूळ यांत हाच प्रकार असतो. मोहरीच्या व चाकवताच्या कुलांतील वनस्पतींत मात्र तो सामान्यतः आढळत नाही. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सु. ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत या प्रकाराच्या कवकांच्या खुणा सापडल्या आहेत. वनस्पती जमिनीवर स्थिरावल्या तेव्हापासून हे सहजीवन चालत आलेले आहे, असे त्यावरून मानतात.

वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या कार्बनी द्रव्याचा काही भाग कवकाला देते. त्याच्या मोबदल्यात केसाहूनही बारीक कवकतंतू मूळरोमांच्या पलीकडे पसरून मुख्यतः फॉस्फेट, तसेच जस्त व पाणी आणून देतात. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत फॉस्फेट कॅल्शियमशी बांधले जाऊन जागचे हलत नाही. त्यामुळे येथे या तंतूंचे महत्त्व विशेष आहे. मातीचे कण एकत्र बांधून त्यांचे स्थिर पुंजके करण्यासही कवकजालाची मदत होते. चोपण जमिनीतील माती पाण्याच्या स्पर्शाने विखुरते व तिची रंध्रे बुजतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या कार्याचे मोल कळते.

विस्कटलेल्या जमिनी : वृक्षिकायुक्त कवके जिवंत मुळाशिवाय वाढू शकत नाहीत. जमिनीवर दीर्घकाळ वनस्पती नसल्या की त्यांचा साठा घटतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये दख्खनच्या काळ्या मातीसारख्याच भेगाळणाऱ्या जमिनी आहेत. तेथे दीर्घकाळ पड ठेवलेल्या शेतांत नंतरचे पीक खुरटते असा अनुभव होता. कवकांचा साठा घटल्याने हे घडते, असे जे. पी. टॉम्सन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील निमशुष्क भागात १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अबाधित झुडपी रानातील जवळजवळ सर्व वनस्पती संकवकयुक्त आढळल्या, तर लगतच्या जुन्या रस्त्याच्या उखडलेल्या जमिनीवर संकवक नसलेल्या तणांचे राज्य होते. प्वेर्त रीको बेटावर आणलेल्या पाइन वृक्षांची रोपे वारंवार मरत. १९५५ च्या सुमारास योग्य कवक असलेली माती त्यांना दिल्यानंतर ती जोमाने वाढू लागली.

या निरीक्षणांच्या प्रकाशात नीरा खोऱ्यातील जमिनींचा विचार केला म्हणजे त्यांची हानी दुहेरी असल्याचे दिसते. पाणी साचलेल्या मातीत प्राणवायू उरत नाही. तीव्र खारटपणात कवकांच्या बीजुकांचे अंकुरण मंदावते. पीक नाहीसे झाले की कवकाचा आधारही जातो. अशा जमिनीतील लवणे धुतली गेली तरी तिची जैव घडी लगेच बसत नाही. धैंचा, हरळी किंवा ज्वारी यांसारख्या संकवकधारी वनस्पती काही हंगाम टिकल्या तर कवकजाल पुन्हा पसरू लागते. जुन्या पद्धतीतील हिरवळीच्या पिकाचा हा लाभ ती ठरविणाऱ्यांच्या हिशेबात नव्हता, तरी तो जमिनीला मिळत होता.

महाराष्ट्रातील प्रयोग : भारतात वनविद्येतील संकवकांच्या उपयोगाचा व्यापक आढावा डेहराडून येथील वन संशोधन संस्थेचे बी. के. बक्षी यांनी १९७४ मध्ये घेतला. महाराष्ट्रात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विदर्भातील खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर वनस्पती उभ्या करण्यासाठी एकात्मिक पद्धती वापरली. मँगॅनीज खाणींच्या ढिगाऱ्यांवर सेंद्रिय द्रव्य म्हणून साखर कारखान्याची मळी घालून, रोपांच्या मुळांना नत्र स्थिर करणारे जीवाणू व संकवके देण्यात आली. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरही याच तत्त्वाचा अवलंब झाला. कवक एकटे न देता त्याला सेंद्रिय द्रव्य व योग्य वनस्पती यांची जोड देणे, हे या पद्धतीचे मर्म होय.

बारामती तालुक्यातील माळेगाव येथे २००९ मध्ये भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने अजैविक ताणांच्या व्यवस्थापनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. दुष्काळ, क्षारता व उथळ खडकाळ जमीन यांचा पिकांवर होणारा परिणाम हा तिचा अभ्यासविषय आहे. संस्थेचे स्वतःचे क्षेत्रच मुरमाड व उथळ असल्याने खडक फोडून, खड्ड्यांत माती भरून तेथे फळबागा उभारण्यात आल्या. ज्या भूमीत मातीच नव्याने घडवायची आहे, तेथे मुळाभोवतीचे जीवनही नव्याने वसवावे लागते.

गवताळ माळ : या तालुक्यांतील सर्वच उजाड भासणाऱ्या जमिनी बिघडलेल्या नाहीत. सुपे परिसर व इंदापूरच्या माळांवर पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते स्वाभाविकपणे वाढतात. चिंकारा व लांडगा यांचा तेथे वावर असतो. सुप्याजवळ ५.१४ चौ. किमी. क्षेत्राचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. गवतांच्या दाट मुळांत वृक्षिकायुक्त कवकांचे जाळे नांदते. अशा माळांना पडीक समजून तेथे खोल चर खोदून वृक्षलागवड केली, तर ते जाळे तुटते व माळाची मूळ घडण बिघडते. म्हणून एखाद्या जमिनीच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा आखताना तेथे पूर्वी रान होते, शेत होते की गवत, हे आधी ठरवावे लागते.

मर्यादा : संकवके म्हणजे खारवलेल्या जमिनीवरचा स्वतंत्र उपाय नव्हे. कवक वनस्पतीला ताण सोसण्यास साहाय्य करते. ते जमिनीतील लवणे काढून टाकीत नाही व भूजलाची पातळीही उतरवीत नाही. निचरा न करता दिलेले कवक जमिनीबरोबरच दगावते. स्फुरदयुक्त खतांच्या भरमसाट मात्रेने संकवकांची वाढ मंदावते. बाजारात मिळणाऱ्या संकवक-खतांची गुणवत्ताही सारखी नसते. विविध देशांतील तपासण्यांत अनेक नमुने निष्प्रभ आढळले आहेत. जेथे लगतच्या चांगल्या जमिनीत मूळचे कवक शिल्लक आहे, तेथे बाहेरून आणलेल्या कवकापेक्षा स्थानिक माती, फेरपालट व आच्छादन यांनी काम भागू शकते.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयामुळे इंदापूर तालुक्याच्या भीमाकाठच्या भागात उपसा सिंचन व ऊस यांचा विस्तार झाला. त्यामुळे नीरेच्या कालव्याने शिकविलेले धडे या नव्या क्षेत्रालाही लागू पडतात. ठिबक सिंचनाने पाण्याची मात्रा आवरता येते. तरी निचऱ्याची सोय व जमिनीतील सेंद्रिय द्रव्य यांकडे दुर्लक्ष झाल्यास खारवट होण्याची क्रिया थांबत नाही. एकदा चोपण झालेली जमीन सुधारण्यास बरीच वर्षे व खर्च लागतो. पाण्याचा बेताने वापर करून तिच्यातील मुळांचे व कवकांचे सहजीवन अखंड राखणे त्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते.