दुर्बल शाश्वतता

दुर्बल शाश्वतता : विकासाच्या अर्थशास्त्रातील एक भूमिका. निसर्गसंपत्ती खर्ची पडली, तरी तिच्या मोलाची यंत्रे, इमारती, रोखे वा शिक्षण उभे राहिले तर पुढच्या पिढीचे नुकसान होत नाही, असे ती मानते. १९७०च्या दशकात रॉबर्ट सोलो व जॉन हार्टविक यांनी तिची मांडणी केली. खनिजातून मिळालेला वाढावा खाऊ नये, गुंतवावा, हा हार्टविक यांचा नियम (१९७७) प्रसिद्ध आहे. हर्मन डेली यांची ‘सबल’ भूमिका याच्या विरुद्ध आहे. समुद्रातली मासळी संपली, तर नव्या होड्या घेऊन काय करणार, असे ते विचारत.

या वादाची कसोटी पॅसिफिकमधील नाउरू या जेमतेम २१ चौ. किमी. बेटावर लागली. तेथून १९०७ पासून फॉस्फेट बाहेर जाऊ लागले. पहिल्या महायुद्धानंतर खाणी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या आयोगाकडे गेल्या, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची शेते या खतावर स्वस्तात पोसली गेली. १९६८ मध्ये नाउरू स्वतंत्र झाले, लवकरच खाणीही त्याच्या हाती आल्या. १९७०च्या दशकात दरडोई उत्पन्नात ते जगातील अग्रगण्य देशांत होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मुद्दल मोडून आलेला पैसाही मिळकत म्हणूनच जमा होतो, हे या श्रीमंतीमागचे गणित. फॉस्फेटच्या स्वामित्वधनाची गुंतवणूक करणारा न्यास होता. त्याच्या पैशातून मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नाउरू हाउस’ उभे राहिले. पुढे चुकीच्या गुंतवणुकी आणि कर्ज यांत न्यास बुडाला. इमारत २००४ मध्ये विकावी लागली.

ही घसरण केवळ उधळपट्टीचा परिणाम मानणे अपुरे आहे. न्यास शाबूत राहिला असता तरी बेटाच्या सुमारे चार पंचमांश भागावर खाणकामानंतर उरलेल्या चुनखडीच्या सुळक्यांवर शेती झाली नसती. स्वातंत्र्यापूर्वी उकरलेल्या जमिनीसाठी नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली.

लोकवस्ती किनारपट्टीवर आहे आणि समुद्राची पातळी वाढते आहे. वस्ती उकरलेल्या पठारावर हलवण्याच्या योजनेसाठी नाउरूने २०२५ पासून आपले नागरिकत्व विक्रीस काढले आहे.