अंबर नावाचा माल

आफ्रिका, अरबस्तान आणि दख्खन यांच्यामधील व्यापारसंबंध हे आजच्या विमानांनी व पेढ्यांनी निर्माण केलेले नवल आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी नगरजवळच्या भातोडीच्या तलावाच्या बांधावर एकवार उभे राहावे. हबशाणात इ. स. १५४८ च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा एक पोर तांबड्या समुद्रापलीकडील मोखा बंदरात विकला गेला, बगदादेस एका सौदागराच्या घरी लिहिणे-वाचणे व हिशेब शिकला, आणि तेथून दख्खनेत येऊन निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. चंगीझखान स्वतःही पूर्वाश्रमीचा हबशी गुलामच! त्या पोराचे नवे नाव अंबर, म्हणजे समुद्रात सापडणारे ते महागडे सुगंधी द्रव्य. मालाने मालाचेच नाव धारण करावे, हा त्या बाजाराचा रिवाज होता.

अरबी घोडे उतरवणारे चौल बंदर निजामशाहीचे असल्यामुळे नगरच्या दरबारी अरब, इराणी आणि हबशी यांची वर्दळ नित्याचीच होती. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर त्या बुडत्या दौलतीचा सारा कारभार याच मलिक अंबराने सावरला. जमिनीची पाहणी करून, प्रत ठरवून त्याने बसविलेली धाऱ्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे त्याच्याच नावाने ओळखली गेली. १६२४ मध्ये भातोडीस तलावाचा बांध फोडून त्याने मोगल व विजापूरकरांच्या छावणीत चिखल केला, असे सांगतात. शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्याच रणात पडले.