तळटीप १४ : स्यूडोव्हायरस पॅनेल

१४. लेखक इथे घाईने पुढे सरकले आहेत, म्हणून थोडा खुलासा. रुग्णाच्या रक्तातल्या एचआयव्हीच्या बाह्य आवरणाचे ('एन्व्ह'चे) जनुक काढून प्लाझ्मिडमध्ये घालतात. आवरणाचे जनुक निकामी केलेल्या विषाणूच्या सांगाड्यासोबत ते पेशींत सोडले की जे कण तयार होतात, ते नव्या पेशीत एकदाच शिरतात, पुढे वाढत नाहीत. हे स्यूडोव्हायरस, त्यांचा निवडक संच म्हणजे पॅनेल. लस घेतलेल्याचा सीरम पातळ करत करत त्यांच्यात मिसळायचा आणि टीझेडएम-बीएल पेशी घालायच्या. लागण झालेल्या पेशीत काजव्याचे ल्युसिफरेज विकर बनते. दोनेक दिवसांनी उजेड मोजला की झाले : उजेड कमी, तर प्रतिपिंडे कामाची.

कळीचा प्रश्न, संच कुठल्या विषाणूंचा? अमेरिकेत व पश्चिम युरोपात उपप्रकार 'बी' अधिक, भारतात 'सी'. २जी१२ हे प्रतिपिंड 'बी'च्या पुष्कळ विषाणूंना रोखते. पण त्याला आवरणावर २९५व्या जागी लागणारी शर्करेची साखळी बहुतेक 'सी' विषाणूंत नसतेच, तिथे ते हात टेकते. आफ्रिकेतला 'सी' घ्यावा, तर भारतीय 'सी' वंशावळीत बव्हंशी त्याहून वेगळा पडतो. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या ('नारी') संशोधकांनी नुकतीच लागण झालेल्या भारतीय रुग्णांच्या विषाणूंपासून एन्व्ह क्लोन तयार केले. तो अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. – संपा.