जिन्यातल्या दिव्याचा जमाखर्च

स्मरणिका समितीने माझ्याकडे विषय दिला तो 'सोसायटीच्या लाइट बिलाचा इतिहास' असा. मी म्हटलं, हा काय विषय झाला? गणेशोत्सवावर लिहितो, पहिल्या पाण्याच्या टाकीवर लिहितो. पण चिटणीस म्हणाले, "नऊ वर्षं खजिनदारी तुम्ही केलीत, बिलांच्या फायली तुमच्याच कपाटात आहेत, तुम्हीच लिहा." फायली काढल्या, चष्मा पुसला आणि बसलो. बसल्यावर लक्षात आलं की पंचवीस वर्षांत आपण वीज कशी वापरली यापेक्षा, वीज वाचवायला लागणारा पैसा कुठून आणला, हीच खरी गोष्ट आहे.

तशी ती गोष्ट आपल्या सोसायटीच्या फार आधीची. आपल्या इंदुरीला गढीच्या आणि कडजाईच्या पायाशी जी इंद्रायणी वाहते, तिचं वरचं पाणी लोणावळ्याजवळ वलवणच्या धरणात अडवलं आहे. टाटांनी ते पाणी घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ साली त्यावर वीज सुरू केली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. नदी आपली, उजेड मुंबईला! पण त्या प्रकल्पाचं भांडवल देशातच उभं राहिलं, संस्थानिकांनीही त्यात पैसा घातला, हे विसरायचं नाही. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, आपल्या शेजारच्या तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्या पैशांतून देशी उद्योग काढायचा. एकीकडे संस्थानिकांची मोठी रक्कम, दुसरीकडे घरटी पैसा. आपल्या वार्षिक सभेत आजही हेच दोन पक्ष असतात, फक्त टोप्या बदलल्या.

आता आपल्याकडे येतो. सुरुवातीची बिलं पाहिली तर सामाईक मीटरवर तीनच गोष्टी होत्या: पाण्याचा पंप, जिन्यातल्या ट्यूब आणि फाटकावरचा दिवा. बिल एवढं थोडं की कुणी विचारत नसे. त्यानंतर भारनियमन आलं. नव्या सभासदांना सांगून पटत नाही, पण २००५ नंतरच्या त्या काही वर्षांत वीज कधी जाणार याचं वेळापत्रक लोक देवघराशेजारी लावत. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवून शहराचं भारनियमन टाळलं. त्या महाग विजेचा बोजा जास्त वापर करणाऱ्या ग्राहकांनी जादा आकाराने उचलला. 'पुणे मॉडेल' म्हणून त्याचं कौतुक झालं. आपण इकडे मेणबत्तीच्या उजेडात ते कौतुक वाचलं.

त्याच काळात वीज वाचवायच्या योजना सुरू झाल्या. नाशिकला महावितरणने सीएफएल दिवे देऊन त्यांचे पैसे वीजबिलातून हप्त्याने वसूल करायचा प्रयोग केला. मग २००९ मध्ये केंद्राची 'बचत लॅम्प योजना' आली. जुना पिवळा बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्या. सीएफएल तेव्हा बाजारात शंभराच्या आसपास होता; मग वरचे पैसे कोण भरणार? तर दिवे पुरवणारा गुंतवणूकदार. वाचलेल्या विजेबद्दल त्याला कार्बनचे दाखले मिळायचे आणि ते परदेशात विकून त्याने आपला पैसा काढायचा. कागदावर फार हुशार योजना. पण २०१२ पर्यंत त्या दाखल्यांचा भाव युरोपात एका युरोच्याही खाली गेला. गुंतवणूकदार कशाला थांबेल? आपल्या दारापर्यंत ती योजना आलीच नाही.

त्यानंतरची 'उजाला' मात्र आली. जानेवारी २०१५ मध्ये ती देशभर सुरू झाली. तिचं तत्त्व अगदी वाण्याचं: कोट्यवधी बल्ब एकगठ्ठा घ्यायचे म्हणजे भाव पडतो. सरकारी कंपनीला २०१४ मध्ये जो एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. सुरुवातीला दहा रुपये द्या, उरलेले बिलातून दरमहा, अशीही सोय होती. फॉर्म भरायला नको, जामीन नको, बँकेत जायला नको, फक्त वीजबिल दाखवायचं. ३६ कोटींहून जास्त बल्ब या योजनेतून गेले.

माझं मत विचाराल तर हप्त्याची सोय चांगलीच होती, पण योजना चालली ती भाव पडल्यामुळे. शंभराच्या आत बल्ब मिळतोय म्हटल्यावर आपल्या सोसायटीत बहुतेकांनी रोख दिले. आणि एक गोष्ट मनात राहते ती राहतेच. या योजनांची बचत मोजतात कशी? वाटलेले बल्ब गुणिले ठरवलेले तास. आमच्या घरी त्यातला एक बल्ब दोन वर्षं माळ्यावर खोक्यात होता. कागदावर तोही वीज वाचवत होता!

म्हणून जिन्यातल्या ट्यूब बदलायची वेळ आली तेव्हा आपण हिशोब मीटरवर केला. जुनी चाळीसची ट्यूब चोकसकट पन्नास वॅट खाते, एलईडी वीस. रोज बारा तास धरले तर वीस ट्यूबना महिन्याला दोनशेपेक्षा जास्त युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तरी सतराशे रुपये झाले. खर्च होता सहा हजारांचा, म्हणजे साडेतीन-चार महिन्यांत वसूल. कर्ज नाही, अनुदान नाही, मेंटेनन्समधून केलं. कुणी हरकत घेतली नाही, कारण जिना सगळ्यांचा आणि बिलही सगळ्यांचं.

सौर बंबाचं तसं नव्हतं. हे प्रकरण जुने सभासद विसरलेले नाहीत, म्हणून लिहितोच. त्या काळी सौर बंबासाठी केंद्राची व्याज-सवलत होती आणि घरगुती ग्राहकाला दोन टक्क्यांनी कर्ज मिळे. एवढं स्वस्त कर्ज पाहून आपण सामाईक बंब घेतले. गणित बरोबर होतं, घर चुकलं. वरच्या मजल्यावर नळ सोडला की गरम पाणी. तळमजल्यावर मात्र दोन बादल्या गार पाणी सांडल्यावर कोमट यायचं. तळमजल्यावरच्या काकू सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हप्ता मीही भरते, मग अंघोळ फक्त वरच्यांचीच का?" त्याला उत्तर नव्हतं. शिवाय बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी नळ्या बुजल्या आणि दुरुस्तीला पुरवठादार फिरकला नाही. बंब थंड झाले, हप्ते चालूच राहिले. खजिनदार मी होतो; कर्जाचा दर पाहिला, पाइपची लांबी पाहिली नाही.

आपणच असे फसलो असं नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली 'ग्रीन डील' निघालं. घराला उष्णतारोधक थर द्या, खिडक्या बदला, कर्ज वीजबिलातून फेडा. नियम असा की हप्ता अंदाजे बचतीपेक्षा जास्त नको. ऐकायला उत्तम; पण व्याज सात टक्क्यांच्या घरात, कागदपत्रं डोक्यावरून जाणारी. दोन-अडीच वर्षांत सरकारने हात आखडता घेतला तेव्हा कर्ज घेतलेली घरं चौदा हजारांच्या आसपास होती. जर्मनीत केएफडब्ल्यू या सरकारी बँकेने वेगळं केलं. व्याज कमी, आणि काम झाल्यावर घर ठरलेल्या दर्जाला उतरलं तर मुद्दलातला काही भाग माफ. दिवे किती वाटले यावर नाही, घर कसं झालं यावर पैसा. हे मला पटतं. तो नियम आपल्या बंबांना असता तर निदान पुरवठादार फिरकला असता.

आता येत्या सभेपुढचा विषय. गच्चीवर सामाईक वापरासाठी पाच किलोवॅटचं सौर संच बसवायचं घाटतं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे अठरा हजार अनुदान आहे, म्हणजे आपल्याला नव्वद हजार. खर्च तीन लाख धरला तर पदरचे दोन लाख दहा हजार. महिन्याला सहाशे युनिट निघतील, पावसाळ्यात कमी. सामाईक मीटर एकच असल्याने त्याचे युनिट वरच्या दराच्या टप्प्यात जातात. तरी दहा रुपयेच धरू. महिन्याला सहा हजार वाचले तर तीन वर्षांत पैसे सुटतात.

प्रश्न पैसा कुठला, हाच. अनुदान संच सुरू झाल्यावर येतं, म्हणजे आधी पूर्ण तीन लाख घालावे लागणार. बँकेचं कर्ज काढून अनुदान आल्याबरोबर त्यात भरलं, तर उरलेल्या दोन लाख दहा हजारांना दहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साडेचार हजारांच्या आत बसतो. तो बचतीतून निघतो, पण व्याजाचे सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार जातात. कंपनीने स्वतःच्या खर्चाने लावून आपल्याला स्वस्तात युनिट विकायचे, असाही प्रस्ताव आहे. त्यात खिशातून काही जात नाही, पण गच्ची वीस-पंचवीस वर्षं बांधली जाते. आपली इमारत आज पंचवीस वर्षांची आहे. आणखी पंधरा वर्षांनी पुनर्विकासाचं बोलणं निघालं तर त्या कराराचं काय, हे प्रस्तावात कुठेही लिहिलेलं नाही.

तिसरा मार्ग सिंकिंग फंडाचा. काही तरुण सभासद म्हणतात, "पैसे नुसते पडून आहेत काका, वापरा की." पडून नाहीत. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का प्रत्येक सदनिकेमागे आपण पंचवीस वर्षं बाजूला टाकतो आहोत, तो इमारतीच्या म्हातारपणासाठी. घरटी पैसाच तो. त्यातून पॅनेल घ्यायला माझा विरोध आहे आणि तो मी सभेतही मांडणार. दुरुस्ती निधीतून आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा, एक पावसाळा जाऊ द्या. एकदा सांगाडे गच्चीत रोवले आणि खालच्या घरात गळती निघाली, तर ते उपटून परत लावायचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. मग वर्गणी किंवा कर्ज, जे सभेला पटेल ते. मला विचाराल तर कर्ज, तीन वर्षांचं. मुदत कमी, व्याज कमी, आणि हप्ता तरीही सुमारे पावणेसात हजारच. बचतीत न बसणारे वरचे सातआठशे रुपये मेंटेनन्समधून निघतील.

संच बसो न बसो, एक काम आतापासून सुरू केलं आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सामाईक मीटरचं रीडिंग वॉचमनच्या टेबलावरच्या वहीत लिहितो. मागच्या तीन महिन्यांचे आकडे तिथे आहेत, कुणालाही बघता येतील. पंपाचा फ्लोट बिघडून टाकी रात्रभर वाहिली तो महिना लगेच ओळखू येतो.