लेसरमुळे दृष्टिपटलाला इजा : उपचार आणि मर्यादा

२०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकांनंतर नाशिकमध्ये काही तरुण अचानक अंधुक दिसू लागल्याची तक्रार घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे आले. लेसरच्या झोतामुळे त्यांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे तपासणीत आढळले. २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. या इजेवर उपचार आहेत. मात्र त्यांना मर्यादाही आहेत.

इजा कशी होते?
४०० ते १४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतात. डोळ्यातील भिंग त्यांना एका बिंदूवर एकवटते आणि त्यांची तीव्रता सुमारे एक लाख पटींनी वाढते. एक मिलिवॅटपर्यंतच्या दृश्य लेसरपासून पापणी मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सहसा संरक्षण देते. त्याहून बराच शक्तिशाली झोत मात्र पापणी मिटण्याआधीच इजा करू शकतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर तर दिसतच नाही. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्याने अनेकदा दुखतही नाही. सूक्ष्म दृष्टीचे केंद्र असलेल्या पीतबिंदूवर आघात झाल्यास नजरेच्या मध्यभागी काळा डाग दिसतो.

निदान
बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासले जाते. ‘ओसीटी’ या स्कॅनमध्ये त्याच्या थरांचे नुकसान स्पष्ट दिसते. लेसरचा रंग, अंतर आणि घटनेची वेळ रुग्णाने डॉक्टरांना सांगावी.

उपचार
लहान भाजलेल्या जखमेत काही आठवडे ते महिन्यांत आपोआप सुधारणा होऊ शकते; तोपर्यंत नियमित तपासणी हाच मुख्य उपाय असतो. सूज कमी करण्यासाठी स्टिरॉइड दिले जाते. परंतु त्याच्या उपयुक्ततेचा ठोस पुरावा नाही. नष्ट झालेल्या प्रकाशसंवेदी पेशी पुन्हा निर्माण करणारे सिद्ध औषध आजही उपलब्ध नाही.

गुंतागुंतीवर मात्र इलाज करता येतो. थोडा रक्तस्राव हळूहळू शोषला जातो. पीतबिंदूसमोर रक्त साचून राहिल्यास निवडक रुग्णांत याग लेसरनेच पातळ पडद्याला छिद्र पाडून त्याला वाट करून देतात, किंवा ‘व्हिट्रेक्टॉमी’ शस्त्रक्रिया करतात. पीतबिंदूला पडलेले लहान छिद्र कधी स्वतःहून बुजते. न बुजल्यास हीच शस्त्रक्रिया करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला जातो. काही रुग्णांत कालांतराने दृष्टिपटलाखाली नाजूक, नव्या रक्तवाहिन्या वाढतात. त्या रोखण्यासाठी बेव्हॅसिझुमॅब किंवा रॅनिबिझुमॅबची इंजेक्शने डोळ्यात दिली जातात.

काय करावे?
झोत डोळ्यात गेल्यानंतर एकेक डोळा झाकून पाहावे. डाग, वाकड्या रेषा किंवा अंधुकपणा जाणवल्यास डोळा चोळू नये, मनाने थेंब घालू नयेत आणि त्याच दिवशी दृष्टिपटलतज्ज्ञांना दाखवावे. गेलेली नजर परत मिळेलच असे नाही. उरलेली जपणे मात्र वेळेवर केलेल्या तपासणीने शक्य होते.