डायब्लो २ मधील पात्रवर्ग
ब्लिझार्ड नॉर्थ या अमेरिकन संस्थेने निर्मिलेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या डायब्लो २ या तमोमय अद्भुतरम्य संगणक-खेळात ॲमेझॉन, नेक्रोमॅन्सर, बार्बेरियन, सॉर्सरेस व पॅलाडिन असे पाच पात्रवर्ग असून, २००१ च्या पुरवणीने ड्रुइड व असॅसिन यांची भर घातली. प्रत्येक वर्गाची ३० कौशल्ये तीन शाखांत विभागलेली असल्याने एकाच वर्गातील दोन पात्रेही परस्परांहून सर्वथा भिन्न घडू शकतात. यांत नेक्रोमॅन्सरची कल्पना विशेष उल्लेखनीय होय. कारण पडलेल्या शत्रूच्या कलेवरातून अस्थिपंजर उठवून त्यांची फौज बाळगणारा, किंवा तेच कलेवर स्फोटाने उडवून भोवतालच्यांचा संहार करणारा हा मांत्रिक मृत्यूलाच आपले भांडवल मानतो. पात्राचा स्वभाव संवादांऐवजी प्रत्यक्ष खेळण्याच्या कृतीतून प्रकट करणारी इतकी समर्थ योजना या खेळातील अन्य कोणत्याही वर्गास लाभलेली नाही.