घड्याळाच्या काट्यांवरचा हिरवा उजेड

उसाच्या ट्रॉलीच्या मागे रात्री चमकणारी पट्टी लावतात, तिला आपण सगळ्या 'रेडियम' म्हणतो. खरं तर त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, गाडीचा उजेड पडला की ती तो परत फेकते एवढंच. पण हे नाव आलं ते खऱ्या रेडियमवरून. आज आम्ही त्याच खऱ्या रेडियमबद्दल बोलणार आहोत, कारण कुणाच्या घरी जुन्या पेटीत आजेसासऱ्यांचं मनगटी घड्याळ असेल, आणि कुणी म्हणत असेल की याची तबकडी घासून, काटे रंगवून नवं करून घेऊ.

मेरी आणि पिएर क्युरी या नवराबायकोने 1898 साली रेडियम शोधलं. पुढे कुणीतरी ते झिंक सल्फाइडच्या भुकटीत मिसळलं, तर अंधारात हिरवट चमकणारा रंग तयार झाला. तोपर्यंत मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, पुरुषांनी खिशातलं वापरायचं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांना अंधारात वेळ बघायची गरज पडली, आणि हा बायकांचा दागिना पुरुषांच्या मनगटावर चढला. त्याच्या तबकड्या रंगवायला मात्र पुन्हा बायकाच लागल्या.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ऑरेंज नावाच्या गावी 1917 पासून असा कारखाना चालला. कामाला बहुतेक तरुण पोरी, काही तर पंधरा-सोळा वर्षांच्या. मजुरी नगावर, एका तबकडीला साधारण दीड सेंट. आपल्याकडे विडीला हजारामागे पैसे मिळतात तसंच. आकडे बारीक, काटे तर त्याहून बारीक, म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं, रंगात बुडवायचं, रंगवायचं, पुन्हा ओठांत. असं दिवसभर. हे त्यांना शिकवलेलं होतं. रंग अपायकारक नाही, असं सांगितलेलं होतं. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागे उभे राहून, चिमट्याने रेडियम हाताळत. पोरी रात्री घरी निघाल्या की त्यांचे केस आणि कपडे चमकायचे. गंमत म्हणून कुणी नखं रंगवायची, कुणी दात.

रेडियम शरीरात गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. मॉली मॅगिया या मुलीचा आधी एक दात दुखू लागला, मग दुसरा, मग जबड्याचं हाडच तुकड्यांनी निघू लागलं. 1922 साली ती गेली, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गेलं गुप्तरोग! मेलेल्या पोरीच्या अब्रूवर हा डाग पाच वर्षं राहिला. 1927 मध्ये तिचं शव उकरून काढलं, तेव्हा हाडांत रेडियम सापडलं. तिच्या बहिणी क्विंटा आणि अल्बिना, त्याही तिथेच काम केलेल्या, तोवर आजारी पडल्या होत्या.

ग्रेस फ्रायर या बाईच्या पाठीचा कणा खचला होता, ती लोखंडी पट्टा बांधून चालायची. खटला घ्यायला तयार असा वकील मिळायला तिला दोन वर्षं लागली. कायदा म्हणे दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि हा आजार तर काम सोडल्यावर कित्येक वर्षांनी वर येतो! आमच्या मते कंपनीचा सगळा भरवसा या एका गोष्टीवर होता, की बाया मरेपर्यंत तारखा पुढे ढकलायच्या. ग्रेस, क्विंटा, अल्बिना आणि आणखी दोघी अशा पाच जणी 1928 साली कोर्टात उभ्या राहिल्या तेव्हा शपथेला हात वर करणंही जमेनासं झालं होतं. जूनमध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला 10,000 डॉलर, वर्षाला 600 डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. कंपनीने चूक कबूल केली नाही.

इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावात दुसरी कंपनी होती. तिथल्या कॅथरीन डोनोह्यूने 1938 साली आपल्या घरी पडल्या पडल्या साक्ष दिली, ती जिंकली, आणि त्याच वर्षी गेली. कंपनीने अपिलांवर अपिलं केली. 1939 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, तेव्हा कुठे निकाल पक्का झाला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा बायाच तबकड्या रंगवायला बसल्या, पण आता कुंचला तोंडात घालायला सक्त मनाई होती.

आता पेटीतल्या घड्याळाकडे वळू. 1960 च्या आधीचं असेल आणि आकड्यांवर, काट्यांवर पिवळट-तपकिरी जाडसर रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. झिजते ती झिंकची भुकटी, रेडियम अर्धं व्हायला सुमारे 1600 वर्षं लागतात. जुना रंग ठिसूळ होतो, काटे काढताना त्याची धूळ उडते, आणि ती श्वासातून आत जाणं हाच मोठा धोका. म्हणून काच उघडू नका, रंग खरवडू नका, पोरांच्या हातात खेळायला देऊ नका. यंत्र दुरुस्त करायचं असेल तर दुकानात आधीच सांगा की तबकडीवर रेडियम असू शकतं. कामाला बसलेला माणूसही कुणाच्या तरी घरचा असतो, आणि त्याला हे कुणी सांगितलेलं असेलच असं नाही.